होम थिएटरचा रिसीव्हर निवडताना : खोक्यावरचे वॅट आणि खोलीतला आवाज

मुंबई : दूरचित्रवाणी संच वर्षागणिक पातळ होत गेले आणि त्यांच्याबरोबर त्यांचा आवाजही. पडदा ५५ किंवा ६५ इंचांचा झाला, परंतु काही सेंटिमीटर जाडीच्या चौकटीत बसवलेल्या स्पीकरचे तोंड बहुधा खाली किंवा मागे असते. पात्राचे ओठ समोर हलतात आणि शब्द मात्र भिंतीवर आपटून कानी येतात. घरातील ज्येष्ठांना याचा त्रास सर्वाधिक होतो. संवाद कळावा म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्याच प्रसंगात पार्श्वसंगीत दणाणते आणि घाईघाईने रिमोट शोधावा लागतो.

साउंडबार हा या अडचणीवरचा सोपा उपाय आहे आणि अनेक घरांना तो पुरेसाही ठरतो. स्वतंत्र स्पीकर आणि त्यांना चालवणारा ऑडिओ-व्हिडिओ रिसीव्हर हा मार्ग अधिक खर्चाचा व अधिक जागेचा आहे. मात्र त्यात एखादा भाग जुना झाला तर तेवढाच बदलता येतो. चांगले स्पीकर पंधरा-वीस वर्षे सहज टिकतात. रिसीव्हरचे आयुष्य तुलनेने कमी, कारण त्यातील डिजिटल जोडण्या लवकर कालबाह्य होतात. त्यामुळे एकूण रकमेचा मोठा वाटा रिसीव्हरवर घालून उरलेल्या पैशांत मिळतील ते स्पीकर घेणे, ही या खरेदीतील सर्वांत महागात पडणारी पद्धत आहे. निम्म्याहून अधिक रक्कम स्पीकर आणि सबवूफरसाठी राखून ठेवणे शहाणपणाचे.

रिसीव्हर हे एकाच पेटीत सामावलेले तीन-चार यंत्रांचे काम आहे. सेट-टॉप बॉक्स, गेम कन्सोल, ब्लू-रे प्लेअर यांतून येणाऱ्या जोडण्या तो एकत्र करतो आणि चित्र टीव्हीकडे पाठवतो. डॉल्बी किंवा डीटीएस पद्धतीने बांधलेला ध्वनी उलगडून प्रत्येक स्पीकरचा वाटा वेगळा काढतो. आणि तो वाटा ॲम्प्लिफायरने वाढवून तारेवाटे स्पीकरपर्यंत पोहोचवतो. ५.१ या संज्ञेतील पाच म्हणजे समोरचे डावा, मधला व उजवा आणि बाजूचे दोन स्पीकर, तर .१ म्हणजे खर्जासाठीचा सबवूफर. ७.१ मध्ये मागच्या दोन स्पीकरची भर पडते. ५.१.२ असे तीन आकडे दिसले, तर शेवटचा आकडा छतावरच्या किंवा छताकडे तोंड केलेल्या स्पीकरचा असतो. डॉल्बी ॲटमॉस ही पद्धत २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आली आणि २०१४ पासून ती घरगुती रिसीव्हरमध्ये मिळू लागली.

दुकानात मात्र चर्चा सुरू होते ती वॅटपासून. भारतीय ग्राहकाला या आकड्याची भुरळ जुनी आहे. टू-इन-वन आणि डेक यांच्या काळात खोक्यांवर ‘पीएमपीओ’ या नावाने हजारो वॅट छापले जात. ते मोजण्याची कोणतीही प्रमाण पद्धत नव्हती, त्यामुळे हातात मावणाऱ्या यंत्रालाही हजार वॅट म्हणवून घेता येत असे. आजचे रिसीव्हर इतकी थाप मारत नाहीत, तरी आकडा फुगवण्याच्या वाटा शिल्लक आहेत. एकच चॅनेल चालू ठेवून, सहा ओहमच्या भारावर, केवळ एक किलोहर्ट्झचा सूर देऊन आणि दहा टक्के विकृती मान्य करून मोजले, तर १५० वॅट दिसतात. दोन चॅनेल एकाच वेळी, आठ ओहमच्या भारावर, २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंतच्या संपूर्ण पट्ट्यात आणि ०.१ टक्क्याहून कमी विकृतीने मोजले, की त्याच यंत्राचे ८० वॅट उरू शकतात. दोन्ही आकडे खरेच असतात. तुलनेला उपयोगी पडतो तो दुसरा. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने या गोंधळापायी १९७४ मध्येच ॲम्प्लिफायरसाठी वेगळा नियम केला आणि २०२४ मध्ये तो सुधारला. माहितीपत्रकात मोजणीच्या अटी दिलेल्या नसतील, तर त्या वॅटच्या आकड्याला फारसा अर्थ नाही.

मुळात किती वॅट लागतात, हे पाहिले की या आकड्याचा धाक बराच कमी होतो. मध्यम प्रतीचा स्पीकर एक वॅट शक्तीवर एक मीटर अंतरावर सुमारे ८८ डेसिबल आवाज देतो. तीन मीटरवरील सोफ्यापर्यंत पोहोचताना तो साधारण ८० डेसिबल राहतो. घरात चित्रपट पाहताना संवादांची पातळी ७० डेसिबलच्या आसपास असते, म्हणजे त्या वेळी स्पीकरला वॅटचा दहावा भाग पुरतो. स्फोट, ढोल, विजांचा कडकडाट अशा प्रसंगी आवाज वीस डेसिबलने वर गेला तर शक्ती शंभर पटींनी वाढते. तरीही हिशेब दहा वॅटच्या घरात येतो. शक्ती दुप्पट केली की आवाज केवळ तीन डेसिबलने वाढतो. ७० वॅट आणि १०० वॅट यांच्या किमतीत लक्षणीय फरक असला तरी कानांना पडणारा फरक जेमतेम दीड डेसिबलचा, म्हणजे जवळजवळ न जाणवणारा. याउलट ८५ डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरऐवजी ९१ डेसिबलचा घेतला, तर तोच आवाज एक चतुर्थांश शक्तीत मिळतो. मोठे दालन, गच्चीवरील स्वतंत्र खोली किंवा चित्रपटगृहासारखा दणका हवा असलेल्यांचा हिशेब अर्थातच वेगळा. अशांनी ‘प्री-आउट’ जोडण्या असलेला रिसीव्हर घ्यावा, म्हणजे पुढे स्वतंत्र पॉवर ॲम्प्लिफायर जोडता येतो.

वॅटपेक्षा ओहमकडे अधिक लक्ष हवे, विशेषतः जुन्या संचाचे स्पीकर नव्या रिसीव्हरला जोडण्याचा विचार असेल तेव्हा. एकाच खोक्यात मिळणाऱ्या डीव्हीडी होम थिएटर संचांचे स्पीकर अनेकदा तीन किंवा चार ओहमचे असतात, तर बहुतेक रिसीव्हर सहा ते सोळा ओहमसाठी बनवलेले असतात. कमी ओहमचा स्पीकर जास्त विद्युतप्रवाह ओढतो. रिसीव्हर तापतो, स्वसंरक्षणासाठी बंद पडतो आणि कधी कायमचाच. अशा संचांतील सबवूफरची आणखी एक गोम आहे. त्यात पुष्कळदा स्वतःचा ॲम्प्लिफायर नसतो आणि रिसीव्हरच्या सबवूफर जोडणीतून केवळ क्षीण संकेत बाहेर पडतो. तार जोडली तरी आवाज येत नाही आणि ग्राहक नव्या यंत्राला दोष देतो. सबवूफरला स्वतःची वीजजोडणी आहे का, एवढे पाहिले तरी हा घोटाळा टळतो.

चॅनेलची संख्या खोली पाहून ठरवावी. शहरांतील बहुसंख्य सदनिकांमध्ये हॉल दहा-अकरा फूट रुंद असतो आणि सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. अशा बैठकीच्या मागे स्पीकर ठेवायला जागाच नसल्याने ७.१ चे मागचे दोन स्पीकर डोक्याला चिकटून बसतात आणि परिणाम साधण्याऐवजी बिघडतो. तेथे नीट बसवलेले ५.१ कधीही सरस. सात चॅनेलचा रिसीव्हर घेतलाच, तर उरलेले दोन चॅनेल छताकडील स्पीकरसाठी वापरता येतात. छताकडे तोंड करून आवाज परावर्तित करणारे स्पीकर सपाट, कठीण आणि मध्यम उंचीच्या छताखालीच काम करतात. उतरत्या कौलारू किंवा पत्र्याच्या छपराखाली त्यांवरचा खर्च वाया जातो.

या सगळ्यात दुर्लक्षित राहतो तो मधला स्पीकर. चित्रपटांतील बहुतांश संवाद त्याच्यातूनच येतात. ज्या घरात ‘काय म्हणाला तो?’ हा प्रश्न वारंवार विचारला जातो, तेथे रिसीव्हर घेण्याचे खरे कारण तोच असतो. मधल्या स्पीकरची पातळी इतरांपेक्षा दोन-तीन डेसिबलने वाढवली की एकूण दणदणाट न वाढवता शब्द स्वच्छ होतात. साउंडबारमध्ये ही मुभा नेहमीच मिळते असे नाही. जुन्या चित्रपटांचा प्रश्न वेगळा आहे. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’पासून पुढील कित्येक दशकांचे मराठी बोलपट एकाच ध्वनिवाहिनीवर मुद्रित झालेले आहेत. त्यांना पाच स्पीकरवर पसरवणाऱ्या कृत्रिम ध्वनिपद्धती रिसीव्हरमध्ये असतात, पण सभागृह किंवा स्टेडियमचा आभास देणाऱ्या अशा पद्धतींनी जुना संवाद उलट गढूळ होतो. त्या बंद ठेवून ध्वनी सरळ ऐकणेच इष्ट.

जोडण्यांच्या बाबतीत दोन नावे लक्षात ठेवावी लागतात. टीव्हीतील ॲपचा आवाज एकाच एचडीएमआय तारेने उलट रिसीव्हरकडे आणणारी ‘एआरसी’ ही सोय २००९ मध्ये आली, तर तिची वाढीव आवृत्ती ‘ईएआरसी’ २०१७ च्या एचडीएमआय २.१ मानकाबरोबर. ऑनलाइन मंचांवरील ॲटमॉस ध्वनी आटोपशीर स्वरूपात येत असल्याने साध्या एआरसीवरूनही तो बहुधा जातो. ब्लू-रे तबकडीवरील पूर्ण गुणवत्तेच्या ध्वनीला टीव्हीमार्गे न्यायचे असेल तर मात्र ईएआरसी आवश्यक ठरते. काही टीव्ही डीटीएस ध्वनी पुढे पाठवतच नाहीत, म्हणून तबकडीचा प्लेअर थेट रिसीव्हरला जोडलेला बरा. घरात नवा गेम कन्सोल असेल आणि ४के चित्र सेकंदाला १२० वेळा हवे असेल, तर ‘एचडीएमआय २.१’ एवढ्या शब्दांवर विसंबू नये. हे नाव काही उत्पादक अर्धवट सोयींवरही लावतात. नेमक्या कोणत्या जोडणीतून ४के १२० हर्ट्झ जाते आणि ती किती गिगाबिटची आहे, हे माहितीपत्रकात पाहावे. बातम्या, मालिका, क्रिकेट आणि चित्रपट एवढाच वापर असलेल्यांना यातील काहीही लागत नाही, आणि त्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारणही नाही.

किमतीचा फरक खऱ्या अर्थाने ऐकू येतो तो खोलीनुसार ध्वनी जुळवून घेणाऱ्या प्रणालीत. सोबत मिळणारा मायक्रोफोन बैठकीच्या जागी ठेवला की रिसीव्हर प्रत्येक स्पीकरमधून चाचणीचा सूर काढतो, अंतर व पातळी मोजतो आणि खोलीने केलेला बिघाड काही अंशी दुरुस्त करतो. डेनॉन व मरांट्झ यांच्याकडे ऑडिसी, यामाहाकडे वायपाओ, तर ऑन्क्योच्या अनेक रिसीव्हरमध्ये डिरॅक या नावाची प्रणाली असते. आपल्याकडील घरांत तिचे महत्त्व अधिक, कारण फरशी गुळगुळीत, भिंती काँक्रीटच्या आणि हॉलची एक बाजू स्वयंपाकघराकडे उघडी अशी रचना ध्वनीला प्रतिकूल असते. प्रणाली कितीही चांगली असली तरी घुमणारी खोली ती शांत करू शकत नाही. ते काम जाड पडदा, गालिचा आणि पुस्तकांनी भरलेले कपाट करते. मायक्रोफोनची चाचणी पंखे बंद ठेवून घ्यावी, हे सांगायला दुकानदार सहसा विसरतात.

परदेशातील नातेवाइकांकडून रिसीव्हर मागवण्याचा मोह अनेक घरांत असतो. अमेरिकेत विकले जाणारे यंत्र साधारणतः १२० व्होल्टचे असते. भारतातील २३० व्होल्टवर ते थेट जोडले तर निकामी होते. व्होल्टेज उतरवणारा, पुरेशा क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर वेगळा घ्यावा लागतो आणि कंपनीची हमी येथे बहुधा लागू होत नाही. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे लजपतराय मार्केट, चेन्नईचा रिची स्ट्रीट किंवा बेंगळुरूचा एस. पी. रोड येथे घासाघीस जरूर करावी, पण जीएसटीसह पक्के बिल आणि भारतातील हमीचे कार्ड हातात पडल्यावरच पैसे द्यावेत. आपल्या शहरात किंवा जवळपास सेवा केंद्र आहे का, ही चौकशीही आधी हवी. आठ-दहा किलोचे यंत्र दुरुस्तीसाठी परगावी पाठवणे हा वेगळाच मनस्ताप असतो.

रिसीव्हर तापतो, आणि तापणे हा त्याचा दोष नव्हे. तो बंद दारांच्या कपाटात कोंबला तर मात्र आयुष्य घटते. वरच्या बाजूला किमान चार-सहा इंच मोकळी जागा ठेवावी आणि त्यावर सेट-टॉप बॉक्स चढवू नये. कोकण व गोव्याच्या किनारी भागात दमट हवेमुळे जोडण्यांना गंज चढतो. तेथे वर्षातून एकदा तारांची टोके तपासणे बरे. जेथे विजेचा दाब वरखाली होतो, तेथे सर्ज प्रोटेक्टर आणि नीट अर्थिंग अनिवार्य समजावे.

शेजाऱ्यांचा विचारही करावा लागतो. ध्वनिप्रदूषणाबाबतच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागातील मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल आहे. संवाद भिंतीत अडतात, खर्ज अडत नाही. तो स्लॅबमधून वरच्या-खालच्या मजल्यावर पोहोचतो. जवळजवळ प्रत्येक रिसीव्हरमध्ये मोठा व लहान आवाज यांतील अंतर कमी करणारी रात्रीची सोय असते. ती वापरली आणि सबवूफरची पातळी उतरवली, की रात्री उशिराही चित्रपट पाहता येतो.

नव्या घराचे काम सुरू असेल, तर रिसीव्हर कोणता हे ठरण्याआधी फरशीखालून किंवा भिंतीतून स्पीकरच्या तारांसाठी नळ्या टाकून घ्याव्यात. दहा मीटरपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची तार पुरते, त्यापुढे अडीचची घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त मिळते, ती टाळावी. प्रोजेक्टर बसवायचा असल्यास एचडीएमआयसाठी रुंद नळी वेगळी ठेवावी. पाच मीटरहून लांब अंतरावर साधी तार ४के चित्रासाठी भरवशाची राहत नाही, तेथे ऑप्टिकल तार ओढावी लागते आणि तिचे टोक अरुंद नळीतून जात नाही.