रायफल टिकते, काडतूस संपते

जुनी रायफल शतकभर टिकते. तिचे काडतूस मात्र बाजारातून नाहीसे होते. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या लष्कराने १८९० च्या सुमारास स्वीकारलेल्या ८ बाय ५० मिलिमीटर मानलिखर काडतुसाचे तसेच झाले. १९३० च्या दशकात ऑस्ट्रिया व हंगेरीने अधिक लांब पुंगळीचे काडतूस स्वीकारले आणि हे मागे पडले.

आज पाश्चात्त्य देशांतील हौशी नेमबाज रशियन ७.६२ बाय ५४ मिलिमीटर काडतुसाच्या पितळी पुंगळीपासून ते घडवतात. दोन्हींच्या तळाच्या कडेचा व्यास जवळपास सारखा असतो. पुंगळी साच्यात दाबून तिची मान रुंद केली जाते व लांबी कापून कमी केली जाते. तळ नीट जुळला नाही, तर पितळ फाटून तप्त वायू नेमबाजाच्या तोंडावर येण्याचा धोका असतो.

भारतात हेच काडतूस '.३१५' या नावाने जिवंत राहिले. ब्रिटिश राजवटीत .३०३ हे लष्करी काडतूस खासगी वापरासाठी निषिद्ध होते. त्यामुळे शिकारीसाठी हा पर्याय रुजला. पुढे ईशापूरला या रायफली, तर पुण्याजवळील खडकीला काडतुसे तयार झाली. मात्र, शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार विनापरवाना काडतूस बनवणे गुन्हा आहे. साहजिकच, येथील परवानाधारकाची रायफल कारखान्यातील उत्पादनावरच अवलंबून असते.