चोवीस आणि सोळा

सकाळी ६.१५
जानेवारी म्हणजे इथे पामर्स्टन नॉर्थला ऐन उन्हाळा. सायकलच्या वाटेवर दोन्हीकडे पांढरा क्लोव्हर फुललेला. न्यूझीलंडच्या कुरणांना हवेतला नत्र मिळवून देणारा हा कामाचा गडी. पण मुळं उथळ, पाऊस ताणला की मान टाकतो. त्याचा कॉकेशसकडचा भाऊबंद खोल मुळं धरतो, जमिनीखालून खोडं पसरवतो. या दोघांची सोयरीक जुळवणं, ही माझी नोकरी.

७.००
काचघरात शिरल्यावर पहिलं काम पहाऱ्याचं. क्लोव्हरच्या गोंड्यात खालची फुलं आधी उमलतात आणि परागण झालं की खाली झुकतात. मी हातही न लावलेल्या एका गोंड्यात सात फुलं माना खाली घालून बसलेली. म्हणजे जाळीतून बंबलबी आत आली होती. गोंडा खुडून टाकला.

७.३०
पांढऱ्या क्लोव्हरच्या फुलाची खालची पाकळी दाबली की पुंकेसर वर उसळतात. दुमडलेल्या कार्डाच्या टोकावर पिवळे पराग घ्यायचे आणि कॉकेशियनच्या फुलाला लावायचे. या जाती सहसा स्वतःचे पराग स्वीकारत नाहीत, म्हणून पुंकेसर खुडायचा त्रास वाचतो. ११० फुलं झाली. प्रत्येक गोंड्याला तारखेची चिठ्ठी.

१०.००
दोन आठवड्यांपूर्वीच्या शेंगा. फळधारणा होते, पण बीजातला भ्रूणपोष कोलमडतो आणि गर्भ उपाशी मरतो. यावर १९८० मध्ये एलिझाबेथ विल्यम्स आणि सहकाऱ्याने तोडगा मांडला: निरोगी बीजातला भ्रूणपोष काढायचा, त्यात संकराचा गर्भ बसवायचा आणि दोन्ही मिळून पोषकद्रव्यावर वाढवायचे. मी त्याला दूधआई म्हणतो. आज २३ शेंगा उघडल्या, गर्भ मिळाले चार, खसखशीहून बारीक. एक माझ्याच सुईखाली चिरडला.

१.००
डबा. गावाकडे पहाटेचे साडेपाच. बाबा धारेला उठलेले.
"लागलं का रे लग्न?"
"लागतं हो, पोरं जगत नाहीत."
"मग दिवसभर करतोस काय?"
त्यांच्या गाईपुढचं बरसीम याच कुळातलं. ते सांगितलं तर म्हणाले, "मग तेच पाठव, पोटफुगी न होणारं."

२.३०
आधीच्या खेपेच्या नऊ रोपांपैकी तिघांची आज पारख. त्यांच्या मुळांची टोकं परवा बर्फाच्या पाण्यात ठेवली होती, काल अल्कोहोल आणि ॲसेटिक आम्लात. आज आम्लात मऊ करून रंगवली, काचपट्टीवर ठेवून अंगठ्याने दाबली.
हिशेब सोपा. इथल्या कॉकेशियनची गुणसूत्रं ४८, त्यातली निम्मी २४. पांढऱ्याची ३२, निम्मी १६. खरा संकर असेल तर ४०. बंबलबीने फसवलं असेल तर ४८.
पानांवरून मी ज्या रोपाला छातीठोकपणे संकर म्हटलं होतं, त्याची ४८ निघाली. दुसऱ्याचीही ४८. तिसऱ्याची ३९. पुन्हा मोजली, ३९च. मग फोकस केसभर हलवला, तर एक गुणसूत्र दुसऱ्यावर आडवं पडलेलं. ४०!

४.४५
आनंद जपूनच करायचा. पराग बनताना २४ आणि १६ यांच्या जोड्या नीट लागत नाहीत; एकटी पडलेली गुणसूत्रं मागे रेंगाळतात आणि बरेचसे पराग पोकळ निघतात.
तरी हिंमत सुटत नाही, कारण पांढरा क्लोव्हर स्वतःच संकर आहे. त्याचा एक पूर्वज समुद्रकाठचा, दुसरा उंच डोंगरांतला. हिमयुगाच्या थंडीने त्यांना एका जागी आणलं, १६ आणि १६ गुणसूत्रांचे संच एकत्र येऊन ३२ झाले. तिथे सुई नव्हती, दूधआईही नव्हती.

५.३०
वहीत लिहिलं: रोप ७, गुणसूत्रं ४०. खाली पेन्सिलीने: उद्या आधी जाळी शिवणे.