आमिष, वारा आणि म्हातारा नर

सुरुवातीला एक कोडे घालतो. मोकळ्या जागेत मक्याच्या दाण्यांचा ढीग आहे. वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत आहे. दाणे खायला येणाऱ्या हरणाला तुमचा वास लागता कामा नये. मग तुम्ही ढिगाच्या कोणत्या बाजूला लपून बसाल?

वर्गात हा प्रश्न विचारला की बहुतेक मुले चटकन उत्तर देतात, "पूर्वेला!" पूर्वेला बसले तर आपला वास आणखी पूर्वेकडे जाईल, ढिगाकडे जाणार नाही. तर्क अगदी बरोबर आहे. तरीही याच तर्काने बसलेले शिकारी रिकाम्या हाताने घरी परततात. असे का होते, हे पाहण्यासाठी आपल्याला उत्तर अमेरिकेतील जंगलात जावे लागेल.

पांढऱ्या शेपटीचे हरीण

तेथील पांढऱ्या शेपटीचे हरीण धोका दिसताच शेपटी उभारून पळते. तेव्हा शेपटीखालचा पांढराशुभ्र भाग निशाणासारखा झळकतो. आपल्या चितळ-सांबरांप्रमाणेच याच्याही नराची शिंगे दरवर्षी गळतात आणि पुन्हा उगवतात. विसाव्या शतकाच्या आरंभी बेसुमार शिकारीमुळे संयुक्त संस्थानांत ही हरणे सुमारे पाच लाखच उरली होती. पुढे कायदे झाले, संरक्षण मिळाले आणि आज त्यांची संख्या तीन कोटींच्या घरात आहे. लांडग्यांसारखे शत्रू बऱ्याच भागांतून नाहीसे झाले असल्याने ठरावीक हंगामात, परवाना देऊन, शिकार करू दिली जाते.

शिकाऱ्यांना सर्वांत हवा असतो तो चार-पाच वर्षांचा किंवा त्याहून मोठा, भरदार शिंगांचा नर. आयुष्याचे चार-पाच हंगाम बंदुकीपासून वाचलेला हा प्राणी सहजासहजी दृष्टीस पडत नाही. म्हणून त्याला खाद्याच्या आमिषाने बोलवायचे, ही युक्ती. टेक्सास राज्यात खाजगी जमिनीवर तिला परवानगी आहे, तर कोलोरॅडोत बंदी.

घड्याळाबरहुकूम जेवण

या कामासाठी 'फीडर' नावाचे यंत्र वापरतात. तीन पायांवर उभे केलेले पिंप, त्यात मका, तळाशी भोक आणि त्याखाली बॅटरीवर फिरणारी एक तबकडी. घड्याळाने ठरवलेल्या वेळी तबकडी काही सेकंद गरगर फिरते आणि दाणे चहूकडे फेकले जातात.

येथे आपल्या अकरावीच्या पुस्तकातले गणित कामी येते. समजा, तबकडीची त्रिज्या ७.५ सेंटिमीटर आहे आणि ती मिनिटाला १००० फेरे घेते. मग तिच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ७.९ मीटर होतो. तबकडी जमिनीपासून २ मीटर उंच असेल, तर दाणा खाली पडायला ०.६४ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात तो आडव्या दिशेने साधारण ५ मीटर जाईल. हवेच्या विरोधामुळे प्रत्यक्षात अंतर थोडे कमी भरते. शिवाय सगळ्याच दाण्यांना कडेचा पूर्ण वेग मिळत नाही. म्हणून दाणे एका रेघेवर न पडता वर्तुळभर विखुरतात.

तबकडीची घरघर आणि दाण्यांचा सडा यांचा संबंध हरणांच्या लवकरच ध्यानात येतो. पावलॉव्हच्या कुत्र्यांना जेवणाची खूण ऐकून लाळ सुटे, तशी ही हरणे घरघर ऐकून झाडीतून बाहेर येतात. मात्र येतात त्या बहुधा माद्या, पाडसे आणि कोवळे नर. म्हातारा नर येतो तो पुष्कळदा अंधार पडल्यावर. झाडाला बांधलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांत मध्यरात्री त्याचे चित्र उमटते आणि दिवसा शिकारी नुसता बसून राहतो.

कोड्याचा उलगडा

आता कोड्याकडे वळू. शिकारी ढिगाच्या पूर्वेला बसला. त्याचा वास ढिगाकडे जात नाही, हे खरे. पण म्हातारा नर सरळ ढिगाकडे येतच नाही. तो आधी लांबून वळसा घालतो आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे पूर्वेलाच जाऊन उभा राहतो. तेथे त्याच्या नाकाशी मक्याचा वास येतो आणि वाटेत बसलेल्या माणसाचाही! शिकाऱ्याने आपला वास ढिगापासून लपवला, पण ढिगाची चौकशी जेथे होते नेमक्या त्याच जागी तो पोहोचवला.

मग उत्तरेला किंवा दक्षिणेला बसावे का? अनुभवी शिकारी तसेच करतात. तरी वारा एका दिशेला बांधलेला नसतो. सूर्य मावळल्यावर जमीन आपली उष्णता बाहेर टाकून थंड होते. तिला लागून असलेली हवाही थंड व जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून खाली ओघळते. सकाळी ऊन पडल्यावर याच्या उलट घडते. उतारावरची हवा तापून वर चढते. त्यामुळे सकाळी उन्हात योग्य ठरलेली जागा सूर्यास्तानंतर दगा देते.

डोळ्यांच्या बाबतीत मात्र माणूस काहीसा सरस आहे. आपल्या नेत्रपटलात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. या हरणात दोनच. एक प्रकार निळ्या प्रकाशाला, सुमारे ४५० ते ४६० नॅनोमीटर तरंगलांबीला, तर दुसरा सुमारे ५३७ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतो. नारिंगी रंग त्याला नारिंगी म्हणून दिसत नाही. म्हणूनच अनेक राज्यांत बंदुकीच्या हंगामात शिकाऱ्यांना भडक नारिंगी जाकीट सक्तीचे असते. दुसऱ्या शिकाऱ्याला ते दुरून दिसते, हरणाला त्याचा भडकपणा जाणवत नाही. हालचाल मात्र ते लगेच टिपते.

एका पात्रात अनेक तोंडे

आमिषावरील शिकारीबद्दल शिकाऱ्यांतच मतभेद आहेत. समर्थक म्हणतात, हरीण जवळ आणि स्थिर उभे असते. त्याचे वय नीट पारखता येते आणि नेम चुकून जनावर जखमी होण्याचा धोका कमी होतो. विरोधक म्हणतात, जेवणाच्या पात्रावर बोलावून मारणे ही शिकार नव्हे. पण यापेक्षा गंभीर प्रश्न विज्ञानाने पुढे आणला आहे.

सन १९६७ मध्ये कोलोरॅडोतील एका संशोधन केंद्रातील हरणे खंगून मरू लागली. १९७८ मध्ये एलिझाबेथ विल्यम्स या पशुवैद्यक संशोधिकेने अशा हरणांचे मेंदू तपासले, तेव्हा त्यांत स्पंजासारखी छिद्रे आढळली. या रोगाचे कारण जंतू किंवा विषाणू नसून विकृत घडी पडलेले एक प्रथिन आहे. अशा प्रथिनांना स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये 'प्रायॉन' हे नाव दिले. त्यांना १९९७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. विकृत प्रथिन शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही तशीच घडी घालते. ते उकळूनही नष्ट होत नाही आणि मातीत वर्षानुवर्षे टिकते.

रोगी हरणाच्या लाळेतून, मूत्रातून व विष्ठेतून प्रायॉन बाहेर पडतात. आणि बाहेरून ते हरीण वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ, धडधाकट दिसत असते. रानात चरणारे हरीण एक पान येथे तर एक कोंब तेथे खाते. फीडरखाली मात्र अनेक तोंडे रोज त्याच मातीतून दाणे वेचतात. हा रोग आता अमेरिकेच्या तीसहून अधिक राज्यांत सापडला आहे. त्याचे प्रमाण माद्यांपेक्षा प्रौढ नरांत अधिक आढळते. म्हणजे ज्या नरासाठी मका मांडला, तोच या रोगाला अधिक बळी पडतो. मिशिगन राज्याने २०१९ मध्ये आपल्या दक्षिणेकडील मोठ्या द्वीपकल्पात आमिष घालण्यावर बंदी घातली, ती याच भीतीने. माणसाला हा रोग झाल्याचे अद्याप सिद्ध झालेले नाही. तरीही रोगी हरणाचे मांस खाऊ नये, असा आरोग्य खात्याचा सल्ला आहे.

करून पाहा

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. पण वारा ओळखायला बंदूक लागत नाही. एखाद्या टेकडीच्या उतारावर, जेथे वाळलेले गवत नाही अशा मोकळ्या जागी, मोठ्या माणसांना सोबत घेऊन उदबत्ती लावा. सकाळी ऊन तापल्यावर एकदा आणि सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने पुन्हा एकदा धूर कोणीकडे जातो ते पाहा व वहीत टिपून ठेवा. दोन्ही वेळी निरभ्र आकाश आणि शांत हवा असावी.

नंतर टेकडीच्या नकाशावर एक पाणवठा काढा. प्राण्यांना न बुजवता रात्रभर त्यांची मोजदाद करायची आहे, असे समजा. मचाण कोठे बांधाल? आणि पाण्याकडे येण्याआधी प्राणी हवा हुंगायला कोठे थांबतील? आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधा, मग पहिल्याचे.