विक्रीचा आकडा आणि पडदा

वर्कस्टेशन बनवणारी सन मायक्रोसिस्टिम्स 1982 मध्ये स्थापन झाली. 1988 मध्ये सन आणि एटी अँड टी यांनी वर्कस्टेशनच्या पडद्यावरील खिडक्या-बटणांची ‘ओपन लुक’ ही मांडणी जाहीर केली. त्याच वर्षी आयबीएम, डिजिटल, एचपी आदींनी ओपन सॉफ्टवेअर फाउंडेशन काढले. ‘मोटिफ’ ही प्रतिस्पर्धी मांडणी त्यातून आली. सनची वर्कस्टेशन जास्त खपतात म्हणून ओपन लुक पुढे, हा हिशेब मुळातच लंगडा. सनच्या यंत्रावर मोटिफही चाले. 1989 मध्ये एचपीने अपोलो ही वर्कस्टेशन कंपनी विकत घेतली आणि कंपन्यांची क्रमवारी बदलली; वापरणाऱ्यांच्या पडद्यावर त्या दिवशी काहीच बदलले नाही. मार्च 1993 मध्ये सनने मोटिफच्या धर्तीचा सामायिक डेस्कटॉप मान्य केला, तेव्हाही वर्कस्टेशनच्या विक्रीत तीच आघाडीवर होती.