इंग्रजीतून नोकरीचा अर्ज कसा लिहावा?

आपल्या तालुक्यातून दरवर्षी अनेक मुले-मुली पदवी घेऊन बाहेर पडतात. त्यांपैकी बहुतेकांचे शिक्षण मराठी माध्यमातून झालेले असते, आणि पुष्कळांच्या घराण्यात पदवीधर होण्याचा मान त्यांनीच पहिल्यांदा मिळवलेला असतो. गुण चांगले असतात, कष्टाची तयारीही असते. पण जाहिरातीच्या शेवटी 'अर्ज इंग्रजीतून करावा' असे वाचले की हात आखडतो. मग टायपिंगच्या दुकानात जायचे, तिथला ठरलेला मजकूर घ्यायचा, खाली सही करायची आणि पाठवून द्यायचा, असा प्रकार चालतो. बँकेच्या नोकरीमुळे तऱ्हेतऱ्हेचे अर्ज आणि विनंतीपत्रे आमच्या नजरेखालून जातात. त्या अनुभवावरून चार गोष्टी विद्यार्थी मित्रांपुढे ठेवाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे. इंग्रजी वाक्ये सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत. अर्जात ती अर्थातच रोमन लिपीत लिहावीत.

अर्ज म्हणजे याचना नव्हे

'अर्ज' हा शब्द मूळ अरबी. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला. वरिष्ठापुढे नम्रपणे केलेली विनंती, असा त्याचा अर्थ. आपला जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथे सरकारी कारभाराची भाषा उर्दू होती आणि हैदराबादला १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातले उच्च शिक्षणही उर्दूतूनच दिले जाई. शेजारचे सोलापूर इंग्रजी अंमलाखाली होते, म्हणून तिथे इंग्रजी आधी रुजली; आपल्याकडे ती उशिरा आली. आपल्या आजोबा-पणजोबांना सरकारदरबारी काही मागायचे तर अर्जनवीस गाठावा लागे. तो लिहील ते आपले म्हणणे, आणि त्याखाली अंगठा!

इंग्रजी मुलखातही वेगळे नव्हते. तिथल्या अर्जाची सुरुवात 'आय बेग टु स्टेट' अशी होई आणि शेवटी 'युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट', म्हणजे 'आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक', असे लिहिले जाई. दोन्ही राजवटी गेल्या, पण त्यांची भाषा आपल्या अर्जांत अजून नांदते. आजही अर्ज येतात ते असे : 'रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टु से दॅट आय ॲम अ पुअर स्टुडंट. काइंडली गिव्ह मी वन चान्स.'

विद्यार्थी मित्रांनो, 'बेग' म्हणजे भीक मागणे. नोकरी देणाऱ्याला कामाचा माणूस हवा असतो. तो दानधर्म करायला बसलेला नसतो. सरकारी नोकरीत तर सर्वांना समान संधी हा भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १६ ने दिलेला हक्क आहे. नम्रता जरूर असावी, लाचारी नसावी. 'आय विश टु अप्लाय फॉर द पोस्ट ऑफ अकाउंट्स असिस्टंट' या साध्या वाक्यात पुरेशी नम्रता आहे.

परिस्थिती सांगावी की नाही?

पुष्कळ अर्जांत 'वडील शेतमजूर आहेत, घरची परिस्थिती हलाखीची आहे' असे लिहिलेले असते. त्यात खोटे काही नाही आणि लाज वाटण्यासारखेही काही नाही. परंतु अर्ज वाचणाऱ्याचा प्रश्न वेगळा असतो : 'हा उमेदवार माझे काम करू शकेल का?' त्याचे उत्तर परिस्थितीच्या वर्णनातून मिळत नाही. ते त्या परिस्थितीत आपण जे केले त्यातून मिळते. शिकता शिकता एखाद्याने किराणा दुकानाचा हिशेब लिहिला असेल, एखादीने बचत गटाचे पासबुक आणि इतिवृत्त सांभाळले असेल, कोणी गावात शिकवण्या घेतल्या असतील. आपण याला अनुभव समजत नाही, पण हा खरा अनुभव आहे. 'आय ॲम पुअर' लिहिण्याऐवजी 'आय केप्ट द डेली अकाउंट्स ऑफ अ ग्रोसरी शॉप फॉर टू इयर्स' असे लिहा. गोष्ट तीच, पण वाचणाऱ्याच्या मनात पहिल्या वाक्याने दया येते आणि दुसऱ्याने विश्वास.

अर्जाची मांडणी

चांगला अर्ज एका पानात संपतो. वरच्या बाजूला स्वतःचा पत्ता, दूरध्वनी क्रमांक, ई-मेल आणि तारीख. पत्त्यात पिन कोड हवाच. तुळजापूरचा ४१३६०१ आहे. (१५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही पिन पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याची देणगी आहे.) त्याखाली ज्यांच्याकडे अर्ज करायचा त्यांचे पद आणि पत्ता, मग पदाचे नाव आणि जाहिरातीचा क्रमांक असलेली विषयाची एक ओळ.

मायन्यात 'डियर सर' लिहायला पुष्कळ विद्यार्थी कचरतात. साहेबांना 'प्रिय' कसे म्हणावे, असे त्यांना वाटते. पण ही केवळ इंग्रजी पत्राची रीत आहे, सलगी नव्हे. वाचणारे स्त्री की पुरुष हे ठाऊक नसेल तर 'डियर सर ऑर मॅडम' लिहावे आणि शेवटी 'युवर्स फेथफुली'. नाव माहीत असेल तर नावाने मायना लिहावा आणि शेवटी 'युवर्स सिन्सिअरली'.

मधला मजकूर तीन परिच्छेदांचा असावा. पहिल्यात कोणत्या पदासाठी अर्ज आहे आणि जाहिरात कोठे पाहिली. दुसऱ्यात त्या पदाला लागणारे आपल्यापाशी काय आहे. तिसऱ्यात सोबत काय जोडले आहे आणि मुलाखतीला केव्हा येऊ शकतो. यात दुसरा परिच्छेद सर्वांत महत्त्वाचा. जाहिरात दोनदा वाचावी, तीत मागितलेल्या गोष्टींखाली पेन्सिलीने रेघ मारावी आणि त्यांचेच उत्तर द्यावे. 'आय ॲम हार्डवर्किंग अँड सिन्सिअर' असे सगळेच लिहितात, त्यामुळे त्याला वजन राहत नाही. इंग्रजी टंकलेखनाची ४० शब्दांची शासकीय परीक्षा उत्तीर्ण असाल तर तेवढे लिहा. मेहनतीचा पुरावा त्यात आपोआप येतो.

नावांची अडचण

आपल्या भागातल्या उमेदवारांची एक खास अडचण आहे. २०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव आणि औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. विद्यापीठाचेही तसेच. १९५८ साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाचा १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होऊन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. त्या नावासाठी समाजाने काय किंमत मोजली, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगायला नको. अर्जापुरता नियम सोपा आहे : पत्त्यात आजचे नाव लिहावे, पदवी, गुणपत्रक आणि दाखल्याचा उल्लेख करताना कागदावर छापले असेल तेच नाव लिहावे. स्वतःचे नावही दहावीच्या प्रमाणपत्रावर जसे आहे तसेच, त्याच स्पेलिंगने. एका अक्षराच्या फरकानेही कागदपत्रांच्या पडताळणीत अडचण येऊ शकते.

दाखल्याबाबतही दोन शब्द. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती बौद्धांनाही लागू झाल्या. जाहिरातीत प्रवर्ग विचारला असेल तर तो स्पष्ट लिहावा आणि मागितलेल्या नमुन्यातलाच दाखला जोडावा. केंद्राचा आणि राज्याचा नमुना वेगळा असतो, तो आधी तपासून घ्यावा. हा हक्क आहे, तेव्हा तो दबक्या आवाजात सांगण्याचे कारण नाही. जिथे विचारलेले नाही, तिथे लिहिण्याचीही गरज नाही.

मराठीतून येणाऱ्या चुका

आपण मनात मराठी वाक्य तयार करतो आणि शब्दाला शब्द ठेवून त्याचे इंग्रजी करतो. काही चुका त्यातून होतात, काही ऐकून ऐकून अंगवळणी पडलेल्या असतात. नेहमीच्या काही अशा :

'दोन वर्षांपासून काम करतो' याचे 'आय ॲम वर्किंग सिन्स टू इयर्स' होत नाही. 'आय हॅव बीन वर्किंग फॉर टू इयर्स' असे हवे. कालावधी सांगायचा तर 'फॉर', सुरुवातीची वेळ सांगायची तर 'सिन्स'; उदाहरणार्थ, 'सिन्स जून २०२२'.

'आय ॲम हॅविंग बी.ए. डिग्री' चूक; 'आय हॅव अ बी.ए. डिग्री' बरोबर.

'मायसेल्फ' अमुक अमुक, अशी सुरुवात करू नये. नाव सहीखाली असतेच.

'डू द नीडफुल' हे जुने सरकारी वळण आहे, ते टाळावे.

छोटी वाक्ये लिहावीत. बारा शब्दांच्या वाक्यात चूक झाली तर लगेच सापडते, चाळीस शब्दांच्या वाक्यात ती लपून बसते. जड शब्द शोधून घालण्याने अर्जाची किंमत वाढत नाही.

एक नमुना

मधला मजकूर साधारण असा असावा :

'आय विश टु अप्लाय फॉर द पोस्ट ऑफ अकाउंट्स असिस्टंट, ॲडव्हर्टाइज्ड बाय युवर ऑफिस धिस वीक.

आय कम्प्लीटेड माय बी.कॉम. इन २०२३ विथ सिक्स्टी-टू पर्सेंट मार्क्स. फॉर टू इयर्स आय केप्ट द डेली अकाउंट्स ऑफ अ ग्रोसरी शॉप इन तुळजापूर. आय हॅव पास्ड द गव्हर्नमेंट एक्झामिनेशन इन इंग्लिश टायपिंग ॲट फॉर्टी वर्ड्स पर मिनिट.

आय एन्क्लोज माय बायोडाटा अँड कॉपीज ऑफ माय सर्टिफिकेट्स. आय कॅन कम फॉर ॲन इंटरव्ह्यू ऑन एनी वर्किंग डे.'

एवढेच. यात विनवणी नाही आणि फुशारकीही नाही. मात्र हा नमुना जसाच्या तसा उतरवू नये. आपली माहिती आपल्या शब्दांत घालावी.

आज अर्ज कोठे लागतो?

२०११ पासून बहुतेक सरकारी बँकांची भरती आय.बी.पी.एस.च्या सामाईक परीक्षेतून होते. स्टेट बँकेची परीक्षा वेगळी असते. तिथे फॉर्म संगणकावर भरायचा असतो, पत्र लिहावे लागत नाही. पण खाजगी कंपन्या, रुग्णालये, इंग्रजी शाळा आणि स्वयंसेवी संस्था आजही पत्र मागतात. आपल्या तुळजापुरातच टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे. अशा संस्थांच्या प्रकल्पांत काम करायचे तर असे पत्र लिहिता आलेले बरे.

अर्ज ई-मेलने जात असेल तर विषयाच्या जागी पदाचे नाव लिहावे. नुसती फाईल जोडून मोकळे होऊ नये. चार ओळींचे पत्र वर लिहावे. फाईलला स्वतःचे नाव द्यावे. ई-मेलचा पत्ता साधा, आपल्या नावाचा असावा. आणि मुलाखतीआधीच 'अनामत' किंवा 'ट्रेनिंग'च्या नावाने कोणी पैसे मागितले, तर ती नोकरी नव्हे, फसवणूक समजावी. जाहिरातीत अधिकृतपणे दिलेले परीक्षाशुल्क तेवढे वेगळे.

शेवटची सूचना. अर्ज आधी मराठीत लिहा : मी काय शिकलो, काय केले, मला काय येते. मग त्याचे सोपे इंग्रजी करा, मोठ्याने वाचा आणि जाणकाराकडून तपासून घ्या. तपासून घेण्यात कमीपणा नाही. दुसऱ्याकडून लिहून घेण्यात मात्र धोका आहे. मुलाखतीत समोरचा माणूस आपलाच अर्ज हातात धरून प्रश्न विचारतो. 'एक्सलंट कम्युनिकेशन स्किल्स' हे शब्द दुकानदाराने घातलेले असतील तर त्यांचे उत्तर देण्याची वेळ आपल्यावर येते. उलट दुकानाचा हिशेब आपणच दोन वर्षे लिहिलेला असेल, तर त्यावर कितीही प्रश्न येवोत, मोडक्यातोडक्या इंग्रजीत का होईना, उत्तर देता येते. अर्जनवीसाने लिहायचे आणि आपण अंगठा उठवायचा, हे दिवस आपल्या वाडवडिलांनी काढले. आता सही आपली आहे, तर मजकूरही आपला असावा.