औरंगाबादचा तो ट्रक: १९९३च्या अपघातात चूक कोणाची?

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, चिकलठाणा विमानतळाचा हा इतिहास माहीत करून घ्यावा. २६ एप्रिल १९९३ला दुपारी मुंबईकडे उड्डाण करणारं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ धावपट्टी संपताच बीड रस्त्यावरच्या, कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकवर आदळलं. पुढे ते विजेच्या उच्चदाब तारांत अडकून कोसळलं. ११८ जणांपैकी ५५ जण गेले.

वैमानिकाने विमानाचं नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचललं, असं चौकशीत ठरलं. ठरावीक वेग गाठला की नाक उचलायचंच असतं. तिथे उशीर झाला, तर प्रत्येक सेकंदाला साठ-सत्तर मीटर धावपट्टी मागे पडते. पण उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरची वाहतूक रोखली गेली नाही, हेही कारण त्याच चौकशीने नोंदवलं, आणि नेमकं तेच आपण विसरतो. कोणी म्हणेल, विमान वेळेत उचललं असतं तर ट्रक खालीच राहिला असता. खरं आहे. तरीही माणूस कधीतरी चुकणार हे धरूनच विमानतळ आखायचा असतो. धावपट्टीपुढे मोकळी सुरक्षित जागा राखतात ती त्यासाठीच. रस्ता जुना होता, हलवणं सोपं नव्हतं, हाही आक्षेप येतो. पण उड्डाणापुरतं फाटक लावायला रस्ता हलवावा लागत नाही. रेल्वे ते रोज करते. म्हणून एकट्या वैमानिकावर बोट ठेवणं मला अपुरं वाटतं.