दुकानातले मूल आणि हातातला गज

पिंपरी कॅम्पात कापडाचा धंदा करणाऱ्याला रमजानचे शेवटचे दहा दिवस म्हणजे हंगामाचा कळस. दोन वर्षांपूर्वी ऐन गर्दीत आमच्या चार वर्षांच्या नातवाने साटीनचा तागा ओढून फरशीवर उलगडला आणि वर बसून गाडी-गाडी खेळू लागला. गिऱ्हाईक हसले. आम्ही मात्र हातातल्या गजाचा फटका त्याच्या पायावर दिला. तो रडलाही नाही. चौथ्या दिवशी घरी पाहतो तो, हा धाकट्या बहिणीला पट्टीने मारतो आहे आणि वर ओरडतो आहे, “माल खराब केलास!” शब्द आमचे, सूरही आमचाच.

आमची तालीम उर्दू शाळेत झाली. छडीशिवाय अदब येत नाही, असे आम्ही पन्नाशीपर्यंत धरून चाललो. शाळेतली छडी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंद केली. कलम १७ मध्ये मारणे आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई आहे. पण घर, गॅरेज, शिलाईचे दुकान इथे ते कलम पोहोचत नाही. तिथे आपलीच अक्कल.

गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले, ते धाक-मार बाजूला ठेवूनच. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले. सोबत अनुताई वाघ. आदिवासी पाड्यातली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. खेळणी कसली? बिया, खडे, शंख-शिंपले, पाने. भांडवल शून्य. व्यापाऱ्याला हा हिशेब तरी पटावा!

आम्हीही गल्ल्याखाली कतरणीचा डबा ठेवला. लाल तुकडे एकीकडे, हिरवे दुसरीकडे. बटणे दहा-दहाच्या ढिगात. गर्दी वाढली की नातू “मुनीम”. “तागा ओढू नको” म्हटले की तागा आणखी ओढला जाई; “मुनीमजी, रुमालाच्या घड्या घाला” म्हटले की हात कामाला लागतात. इतक्या लहान मुलाला काय करू नये यापेक्षा काय करावे ते लवकर कळते. पसारा आवरताना आम्ही मुद्दाम हरतो. (रोज हरणे जमत नाही, हेही खरे.)

चाकणला रात्रपाळी करणाऱ्या गिऱ्हाइकांची अडचण निराळी. एका खोलीत बाप दिवसा झोपलेला आणि मूल जागे. एका बाईंनी सांगितले, त्या “मांजरीची चाल” खेळतात. आवाज न करता दारापर्यंत जाऊन येणारा जिंकला. पूर्वी त्या मोबाईल हातात देत. मोबाईल म्हणजे उधारी. देताना गोड, वसुलीला भांडण.

कात्री, इस्त्री आणि शिलाई यंत्राची मोटर यांच्याशी मात्र खेळ नाही. कात्री आता वरच्या फळीवर असते आणि तिथे “नाही” म्हणजे नाहीच. मूल रडले तर जवळ घेतो, कात्री देत नाही.

गज आता नातवाकडे असतो. गेल्या आठवड्यात त्याने आम्हांला डोक्यापासून पायापर्यंत मोजले आणि भाव विचारला.